दार-ए-सलाममध्ये आफ्रिकन कलांचा दिवस भरवायचाय? आधी खुर्च्या कमी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दार-ए-सलाममधल्या एका छोट्या मराठी मंडळाला यंदा गणपती-दिवाळीपलीकडे जाऊन आफ्रिकन कलांचा एक दिवस साजरा करायचाय. बेत जवळपास ठरलाय: हॉल, स्टेज, दोन नाच, एक ढोलवादन, एक गायिका, मुलांचा फॅन्सी ड्रेस, प्रमुख पाहुणे आणि मग जेवण. सेक्रेटरीबाई विचारतात, "आम्ही इथे इतकी वर्षं राहतो, पण टांझानियन शेजाऱ्यांशी नातं म्हणावं असं काही नाही. या कार्यक्रमाने ते जुळेल का? आणि जुळावं म्हणून काय करावं?"

मी दार (म्हणजे दार-ए-सलाम) आणि जवळच्या बागामोयोत कार्यक्रम उभे करण्याचं काम बऱ्याच वर्षांपासून करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या बेतात वाईट काही नाही. संध्याकाळ मजेत जाईल, फोटो झकास येतील. नातं मात्र जुळायचं नाही. टाळ्या वाजवण्यापलीकडे तुमच्या लोकांना त्यात काही कामच नाही, आणि आलेल्या कलाकारांना तुमच्याशी चार शब्द बोलायचं कारण नाही. ते येतील, वाजवतील, पाकीट घेतील आणि डालाडालात, म्हणजे इथल्या मिनीबसमध्ये, बसून घरी जातील. इथल्या कला हाताची घडी घालून बघायच्या नव्हेतच. न्गोमा (ढोल आणि नाच) घ्या, ताराब (किनाऱ्यावरचं गाणं) घ्या, कांगा (बायकांचं छापील कापड) घ्या, प्रत्येकात समोरच्या माणसाला काहीतरी करावंच लागतं. ते काम काढून घेतलं की उरतो तो 'आयटम'. पुढे जे काही सांगतेय ते सगळं या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

आयटम करायची ही सवय आपल्याच मंडळांची आहे असं समजू नका. टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, 1961 साली स्वतंत्र झाला आणि डिसेंबर 1962 मध्ये न्येरेरे राष्ट्राध्यक्ष झाले. पहिल्याच भाषणात त्यांनी संस्कृतीसाठी वेगळं मंत्रालय जाहीर केलं. शाळेत आपल्याला युरोपियनांची गाणी शिकवली, रुंबा आणि चाचाचा नाचता येतो, पण न्यामवेझी, हेहे या आपल्याच जमातींची गाणी आपल्यातल्या किती जणांना शिकवली, असा त्यांचा सवाल होता. त्यातून पुढे राष्ट्रीय नृत्यपथक निघालं, आणि दक्षिणेतल्या मकोंदे लोकांचा सिंदिंबा नाच देशभर माहीत झाला. हेतू चांगलाच होता. पण स्टेजवर चढताना गोलाची रांग झाली, तासन् तास चालणारा नाच दहा मिनिटांवर आला, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली. समुद्रकाठच्या हॉटेलांत पर्यटकांना जे दाखवतात ते याच वळणाचं. तुम्हाला फोनवर "कल्चरल ग्रुप, चार नाच, वीस मिनिटं" असा दर सांगतात तोही इथूनच आलेला. त्यात कलाकारांचा दोष नाही. गिऱ्हाईक जे मागतं ते ते देतात. तुम्ही वेगळं मागा.

काय मागायचं? म्वान्झाजवळ बुजोराला सुकुमा लोकांचा बुलाबो नावाचा उत्सव जूनच्या सुमाराला भरतो. तिथे बागिका आणि बागालू या दोन नृत्यमंडळांची पिढ्यान् पिढ्या चुरस आहे. एकोणिसाव्या शतकातल्या न्गिका आणि गुम्हा या दोन वैद्यांपासून ही मंडळं सुरू झाली असं सांगतात. गंमत स्पर्धेच्या रीतीत आहे. दोन्ही पथकं एकाच वेळी, एकाच मैदानात नाचतात आणि ज्याच्याभोवती जास्त गर्दी जमली तो जिंकला. म्हणजे परीक्षक कोण, तर बघणारे, आणि निकाल द्यायचा तो पायांनी. मग गर्दी ओढायला कोणी अजगर घेऊन नाचतो, कोणी सोंग काढतो, कोणी समोरच्या पथकाची गाण्यातून टर उडवतो. गर्दी आपल्याकडे वळावी म्हणून वैद्याकडून औषध घेण्याचीही जुनी चाल आहे. इथे अजगराचा हट्ट धरू नका, तुमच्या मंडळातले अर्धे लोक पार्किंगमध्ये जाऊन बसतील.

ही रीत जशीच्या तशी उचला. स्टेज नकोच. हॉलच्या आवारात दोन टोकांना दोन पथकं उभी करा. एक सुकुमांचं, दुसरं गोगोंचं मिळालं तर फारच छान. दोदोमाकडच्या गोगो बायका मुहेमेचे ढोल गुडघ्यांत धरून वाजवतात. आपल्याकडे बायकांच्या हाती ढोल आला तो अलीकडे, त्यामुळे मंडळातल्या बायका तिकडे हमखास खेचल्या जातात. दोन्ही पथकांना एकाच वेळी सुरू करायला सांगा. माइक देऊ नका. खुर्च्या फक्त भिंतीकडेला, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यापुरत्या. पहिली पाच-सात मिनिटं तुमची माणसं मध्ये गोंधळून उभी राहतील, आणि सूत्रसंचालकाला माइक घेऊन समजावून सांगायची खाज सुटेल. त्याला आवरा. मुलं आधी धावतात, मग मुलांना शोधायला आया जातात, आणि मग कधीतरी कुणाच्या तरी लक्षात येतं की आपण ज्या बाजूला जातो त्या बाजूचं गाणं चढतं. तिथून पुढे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

पथकं शोधायची तर हॉटेलातल्या एजंटाकडे जाऊ नका. बागामोयोची तासुबा ही संस्था दारहून सत्तरेक किलोमीटरवर आहे. 1981 साली कला महाविद्यालय म्हणून निघाली, 2007 पासून तासुबा झाली. तिथले शिक्षक आणि जुने विद्यार्थी बहुतेक पथकांना ओळखतात. दारमध्येच बागामोयो रोडवर मकुंबुशोचं खेड्याचं संग्रहालय आहे, वेगवेगळ्या जमातींच्या घरांचं. तिथे एकेका जमातीचे लोक आपले पदार्थ, नाच, घरकाम दाखवतात असे दिवस होत आले आहेत. त्या दिवशी जाऊन बसा, गप्पा मारा, चहा घ्या. फोनवर मिळणारं पथक आणि तिथे भेटलेलं पथक यांत बराच फरक पडतो.

ढोलांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट, कारण यावरून कार्यक्रम अडलेले मी पाहिलेत. चामड्याचे ढोल वाजवण्याआधी शेकावे लागतात. समुद्राची हवा दमट, कातडं ढिलं पडतं, आवाज बसतो. वादक सुकं गवत किंवा पुठ्ठे पेटवतात, ढोल आडवा करून जाळासमोर फिरवतात, बोटांनी टिचक्या मारत कान लावून ऐकतात, पुन्हा फिरवतात. कार्यक्रमाच्या मध्येही हे दोन-तीनदा होतं. हॉलचा वॉचमन धूर पाहून धावत येणार हे ठरलेलं, तेव्हा मॅनेजरशी आधी बोलून आवारात जागा ठरवा, एक बादली वाळू ठेवा, पुठ्ठ्यांची खोकी जमवून ठेवा. आणि ही जागा मागच्या बाजूला लपवू नका. लोकांच्या समोरच ठेवा. माणसं तिथे आपोआप रेंगाळतात, वादकही तेव्हा मोकळे असतात. कुणी विचारतं, कोणत्या जनावराचं कातडं? कुणी सांगतं, आमच्याकडे तबल्याला हातोडीने ठोकतात. मी भरवलेल्या कार्यक्रमांत सगळ्यात जास्त ओळखी त्या जाळापाशी झाल्यात, स्टेजजवळ नाहीत.

तुमच्या यादीत शेवटी "ढोल-ताशा आणि आफ्रिकन ड्रम जुगलबंदी" असं लिहिलंय. कृपा करून नको. आपला ताशा सुरू झाला की समोरचं काही ऐकू येत नाही, आणि एका तालमीत जुगलबंदी बसत नसते. हौस असेल तर लेझीम घ्या. तिचा आवाज दुसऱ्याला गिळत नाही, आणि पंधरा मिनिटांत कुणालाही चार हात शिकवता येतात. सुकुमा पथकातली पोरं लेझीम हातात आली की सोडत नाहीत, हे अनुभवाने सांगते.

आता ताराब. यावर थोडं जास्त लिहिते, कारण गायिका बोलावणार असाल तर हा भाग बिघडायची शक्यता सर्वाधिक.

ताराब म्हणजे झांझिबार आणि किनारपट्टीचं गाणं. कानून आणि ऊद ही तंतुवाद्यं, व्हायोलिन, अरबी सुरावट, आणि शब्द स्वाहिली. सुलतान बरघशच्या काळात, म्हणजे 1870 ते 1888 दरम्यान, हे संगीत इजिप्तहून राजवाड्यात आलं असं मानतात. इख्वानी सफा हे झांझिबारचं ताराब मंडळ 1905 सालचं. पण राजवाड्यातलं आणि बड्या पुरुषांच्या बैठकीतलं हे गाणं गल्लीत आणलं ते सिती बिंती साद या बाईने. 1880 च्या सुमाराला फुंबा गावी, गुलामीत गेलेल्या आईबापांच्या पोटी तिचा जन्म. आई मडकी घडवायची आणि ही ती डोक्यावर घेऊन गात गात विकायची. पुढे शहरात आली, गायला शिकली आणि अरबीऐवजी स्वाहिलीत गाऊ लागली. शहराच्या गरीब बाजूला, न्गांबोत, तिच्या घरी रात्री बैठक जमायची. दिवसभर गावात जे घडलं ते तिथे बोललं जायचं आणि त्यातून गाणं उभं राहायचं. एका बाईच्या खुनावर आणि त्या खटल्यातल्या अन्यायावर तिचं 'किजिती' हे गाणं आहे. आणि आपल्या लोकांना आवर्जून सांगा: 1928 साली सिती आणि तिचे साथीदार ध्वनिमुद्रणासाठी बोटीने गेले ते मुंबईला. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली गाण्याच्या पहिल्या गाजलेल्या तबकड्या मुंबईत निघाल्या. तिथून त्या जहाजाने परत येऊन झांझिबारच्या, मोंबासाच्या, दारच्या घराघरांत वाजल्या. तुमच्या कार्यक्रमात भाषण करायचंच असेल तर "भारत-आफ्रिका मैत्री" वगैरे न बोलता एवढी एक गोष्ट सांगा आणि खाली बसा.

ताराबमध्ये बघणाऱ्याचं काम म्हणजे गायिकेला पैसे देणं. कुतुन्झा म्हणतात. बाई जागेवरून उठते, नोट दोन बोटांत उंच धरते, गाण्याच्या लयीत हळूहळू नाचत पुढे जाते, गायिकेच्या हातात नोट देते किंवा कपाळाला लावते आणि तशीच डुलत परत येते. हे कधी करायचं याला महत्त्व असतं. गाण्यात एखादी ओळ येते: मत्सरी शेजारणीवर, धोका देणाऱ्या नवऱ्यावर, पाठीमागे बोलणाऱ्या मैत्रिणीवर. ती ओळ जिला लागू पडते ती उठते. सगळ्या सभेला कळतं की ही कुणाला उद्देशून उठली. आजच्या ताराबमध्ये तर टोमणे मारणारी गाणी, मिपाशो, हीच मुख्य गंमत आहे. खदिजा कोपा त्यातली महाराणी.

आपल्या लोकांना इथे अडचण येते. नोट हातात घेऊन गायिकेकडे जायचं म्हटलं की मराठी माणसाला तमाशातली दौलतजादा आठवते आणि मग भल्या घरच्या बायका खुर्चीला चिकटून बसतात. इथे बहुतेक वेळा बायकाच बाईला पैसे देतात, आणि त्यात गायिकेचा मान असतो. कुणीच उठलं नाही तर गाणं पडलं असा अर्थ होतो. शंभर माणसं गप्प बसून शेवटी कडकडून टाळ्या वाजवतायत, हे तिच्या दृष्टीने फार विचित्र. म्हणून आदल्या आठवड्यात हे सगळ्यांना सांगून ठेवा. हजार आणि दोन हजार शिलिंगांच्या नोटा सुट्या करून आणायला सांगा. ओळखीच्या दोन-तीन टांझानियन बायका पुढच्या बाजूला बसू देत. पहिली ओळ लागू पडली की त्या उठतील आणि तुमच्या बायकांचा हात धरून नेतील. कार्यक्रमपत्रिकेत "ताराब: 6 मिनिटं" असं लिहू नका. एकेक गाणं दहा-बारा मिनिटं सहज चालतं आणि लोक उठत राहिले तर आणखी लांबतं. एका मंडळाच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांना विमान गाठायचं होतं म्हणून गायिकेला गाण्याच्या मधोमध थांबवलं होतं. तिने हसून माइक ठेवला. पुढच्या वर्षी तिने फोन उचलला नाही.

एवढं सगळं करायला माणसं कोण, यावर खरं तर आधी लिहायला हवं होतं. तुमच्या पत्रात समितीची नावं आहेत, सगळी आपलीच. ही समिती निम्मी टांझानियन हवी. सल्लागार म्हणून नको, अध्यक्ष-खजिनदार धरून. इथे लग्नाची पद्धत तुम्ही पाहिलीच असेल. कामाती या हारुसी, म्हणजे लग्नाची समिती, बसते, तिला अध्यक्ष, सचिव, खजिनदार असतात, दर आठवड्याला बैठक होते, आणि म्चांगो, म्हणजे वर्गणी, गोळा होतो. रक्कम पाहून कार्ड सिंगल (एकासाठी) की डबल (दोघांसाठी) ते ठरतं. ज्याने म्चांगो दिला तो लग्नाला पाहुणा म्हणून येत नाही, घरचा म्हणून येतो, आणि हॉलची सजावट फिकी पडली तर तक्रारही करतो. तुम्ही ज्या राज्यातून आलात तिथे गल्लीच्या गणपतीची वर्गणी अशीच चालते, त्यामुळे हे शिकायला तुम्हाला वेळ लागणार नाही. मोठ्या कंपनीकडून स्पॉन्सरशिप घेऊन सगळ्यांना फुकट पास वाटण्यापेक्षा छोटा म्चांगो लावा. शेजाऱ्यांकडूनही घ्या, संकोच करू नका. पाचशे शिलिंग देणाऱ्याचंही नाव वहीत लिहा.

आणि एक स्पष्ट बोलते, राग मानू नका. आपल्यापैकी बहुतेकांची टांझानियन माणसांशी रोजची गाठ पडते ती मालक म्हणून. घरातली दादा (स्वाहिलीत बहीण, म्हणजे कामवाली बाई), ड्रायव्हर, गेटवरचा अस्कारी (पहारेकरी), दुकानातला पोऱ्या. आफ्रिकन संस्कृतीच्या दिवशी हॉलमध्ये दोनच प्रकारचे आफ्रिकन दिसत असतील, नाचणारे आणि खुर्च्या उचलणारे, तर तो दिवस न केलेला बरा. खुर्च्या उचलायला त्या दिवशी बाहेरची माणसं रोजावर घ्या किंवा मंडळातल्या तरुणांनी उचलाव्यात. तुमच्या दादाला, ड्रायव्हरला त्यांच्या कुटुंबासकट कार्ड द्या, नावानिशी, आणि येण्या-जाण्याचं भाडं आदल्या दिवशी द्या, म्हणजे ते पैसे मागायची वेळ त्यांच्यावर येणार नाही. समितीत मात्र दुसरे लोक घ्या: मुलांच्या शाळेतले शिक्षक, इमारतीतले शेजारी, बँकेतले सहकारी, म्ताच्या (वस्तीच्या) सरकारी कचेरीतल्या बाई. मालक आणि नोकर एका समितीत बसले की नोकर "न्दियो" (हो) शिवाय काही म्हणत नाही, आणि तुम्हाला वाटतं सगळ्यांचं एकमत झालं.

फॅन्सी ड्रेस रद्द करा. गवताचे घागरे, तोंडाला काळं फासणं, हे कुठल्याही कारणाने नको. सगळ्या मुलांना मासाईंचं लाल कापड, शुका, गुंडाळून "आफ्रिकन" करणंही नको. मासाई ही या देशातल्या सव्वाशेच्या आसपास जमातींपैकी एक.

त्याऐवजी कांगा करा. कांगा तुमच्या घरी असतेच, टेबलक्लॉथ म्हणून नाहीतर समुद्रावर न्यायला. तिचे तीन भाग: चौफेर काठ म्हणजे पिंदो, मधला भाग म्जी, आणि मध्याच्या खाली एका ओळीत छापलेलं वाक्य, जिना. जोडी विकली जाते, तिला दोती म्हणतात. दोन कांगा एकाच सलग कापडात येतात, घरी नेऊन कापायच्या आणि कडा शिवायच्या. काठापदराच्या कापडाची नजर आपल्या बायकांना असतेच, त्यामुळे हा विषय त्यांना सांगावा लागत नाही. या धंद्यात भारतीयांचा हात जुना आहे. मोंबासात कादरदिना हाजी इसाक यांचं, 'माली या अब्दुल्ला' नावाने ओळखलं जाणारं दुकान 1887 पासूनचं, आणि कित्येक दशकं बराचसा माल भारतातून छापून यायचा.

खरी गोष्ट वाक्यात आहे. 'वेमा हाउओझी', चांगुलपणा सडत नाही. 'म्गेनी न्जो, म्वेन्येजी अपोने', पाहुण्या ये, म्हणजे यजमानाचं बरं होईल. 'हाबा ना हाबा हुजाझा किबाबा' हे तर आपलं थेंबे थेंबे तळे साचे. पण टोमणेही तितकेच. 'हसिदी हाना सबाबू', मत्सरी माणसाला कारण लागत नाही, ही कांगा नेसून बाई शेजारणीच्या दारावरून दोनदा गेली की भांडण न करता भांडण होतं. म्हणून उहुरू स्ट्रीटवर घाऊक खरेदीला जाताना समितीतली टांझानियन बाई बरोबर न्या. रंग तुम्ही निवडा, वाक्य तिला वाचू द्या. भलती कांगा पाहुणीच्या हातात पडली तर हसं होईल, नाहीतर अबोला.

कार्यक्रमात मी असं करते. प्रवेशाशी दोत्या सलगच ठेवायच्या, कापलेल्या नाहीत. एक मराठी आणि एक टांझानियन अशी जोडी लावायची, चिठ्ठ्या टाकून. दोघींनी मिळून दोती निवडायची, वाक्याचा अर्थ लावायचा, समोर बसलेल्या शिंप्याकडून कापून कडा शिवून घ्यायच्या आणि एकेक घेऊन जायची. शिंप्याकडे रांग लागते, आणि ती लागू द्यावी. दुसरं मशीन आणायचा मोह होईल, आणू नका. त्या रांगेत वीस मिनिटं दोघी शेजारी उभ्या राहतात, वाक्यावरून सुरू होऊन सासूपर्यंत गप्पा पोचतात.

मुलांसाठी टिंगाटिंगा शैलीची चित्रकला ठेवा. एडवर्ड सईद टिंगाटिंगा हा दक्षिणेतल्या तुंदुरूकडचा माणूस. 1968 च्या सुमाराला दारमध्ये त्याने हार्डबोर्डच्या चौकोनांवर घरांना-सायकलींना लावायच्या एनॅमलच्या रंगांनी प्राणी-पक्षी रंगवायला सुरुवात केली. 1972 साली पोलिसांनी दुसराच कुणी समजून गोळी झाडली, त्यात तो गेला. जेमतेम चार वर्षांचं काम, पण नातेवाइकांनी आणि शिष्यांनी ती शैली चालू ठेवली. ऑयस्टरबेला त्यांची सहकारी संस्था आहे, तिथले चित्रकार शिकवायला येतात. एनॅमलला वास येतो, तेव्हा बाहेर सावलीत बसवा, खाली वर्तमानपत्रं, हात पुसायला टर्पेंटाइन आणि चिंध्या. पालक सोयीसाठी पोस्टर कलर आणू म्हणतील. ऐकू नका. एनॅमल त्या दिवशी वाळत नाही, आणि त्याचाच तर फायदा आहे. चित्रं तिथेच ठेवावी लागतात आणि पुढच्या शनिवारी न्यायला यावं लागतं. दोन मुलांमध्ये एक बोर्ड द्या, एक आपलं, एक इथलं. मग कुणाच्या घरी न्यायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. तारीख: 25 मे हा आफ्रिका दिन तुम्ही धरलाय, पण मेमध्ये मसिकाचा पाऊस पुरता सरलेला नसतो आणि आपलं सगळं आवारात आहे. 7 जुलै घ्या. सबासबाची सुट्टी असते, हवा कोरडी असते, आणि युनेस्कोने स्वाहिली भाषेचा जागतिक दिवस म्हणून तोच ठरवलाय. फक्त हॉल किल्वा रोडकडे नको, तिथल्या सबासबा व्यापारी जत्रेच्या गर्दीत पाहुणे अडकतील. वेळ: स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं. सकाळचे सात म्हणजे साआ मोजा, एक वाजला. कार्डावर नुसतं "साआ कुमी" छापून सकाळी दहाची वाट बघत बसाल तर माणसं दुपारी चारला येतील, आणि त्यांचं बरोबर असेल. परवानगी: म्ताच्या कचेरीपासून सुरुवात करा. कलाकारांच्या नोंदणीचं बासाता या राष्ट्रीय कला परिषदेकडे असतं, ते पथकालाच विचारा. जेवण: मंडळाचा हॉल शाकाहारी असेल तर तसाच राहू द्या, त्यासाठी कुणी रुसत नाही. नारळातली माहारागे (राजम्यासारख्या शेंगदाण्यांची उसळ नव्हे, राजमाच), म्चिचाची (माठाची) पालेभाजी, उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), नारळभात आणि झांझिबारचा उरोजो, ज्यात आपली भजी आंबट कैरीच्या रस्स्यात पोहतात. उगाली हाताने खायची असते, चमचे मुद्दाम लपवा. कलाकारांना पाहुण्यांच्याच पंगतीत बसवा, मागच्या खोलीत डबे देऊ नका. मानधन कार्यक्रमाआधी द्या. फोटो विचारून काढा.

मोठ्या माणसांना "शिकामू" म्हणायला मंडळातल्या मुलांना आधीच्या महिन्यात शिकवा. समोरून "मराहाबा" आलं की पोरं खूश होतात आणि म्हातारी माणसं त्याहून जास्त. नमस्कारासारखंच असल्याने जीभ वळते. तुम्हीही म्हणा, अगदी अस्कारी वयाने मोठा असेल तर त्यालाही.

चित्रं न्यायला लोक येतील त्या शनिवारी हिशेब वाचा, स्वाहिलीत आणि मराठीत, चहा-मंदाझी ठेवून. किती म्चांगो आला, पथकांना किती दिले, शिंप्याला किती, काय उरलं. उरलेल्या पैशांचं काय करायचं ते तिथेच, दोन्हीकडच्या लोकांनी ठरवायचं, आधी ठरवून नेऊ नका. वाद होईल, होऊ दे. आणि पुढच्या काही महिन्यांत समितीतल्या कुणाच्या तरी घरच्या लग्नाचं म्चांगो कार्ड तुमच्या दारी येईल. रकमेवरून फार विचार करत बसू नका, डबल कार्ड घ्या आणि बैठकांनाही जा.